भट्टीतली भागी

मामूंनी आमच्याशी जे केलं ते सगळं नियमाला धरून होतं. त्यांनी कुणाला फसवलं नाही, कुठं खोटं बोलले नाहीत, आवाजसुद्धा चढवला नाही. त्यामुळं आमच्या घरात त्यांना कुणाला वाईट म्हणता आलं नाही. राग काढायला जागाच नसली की तो आतल्या आत आंबत जातो. आमच्या घरातली ती आंबट वर्षं मला इथं लिहायची आहेत.

मामू म्हणजे आम्माचे थोरले भाऊ. सांगलीला त्यांचा हळदीचा व्यापार होता. ते आले की पायताण काढायच्या आधी हळदीचा वास घरात यायचा. त्यांच्या सदऱ्याच्या बाह्या कितीही धुतल्या तरी मनगटापाशी पिवळसर असायच्या. आम्ही राहायचो रहिमतपूरला, मशिदीच्या मागच्या बाजूला, कौलांच्या तीन खोल्यांत. अब्बा साताऱ्यात एका बेकरीत कारागीर होते. आठवड्यातून एकदा घरी यायचे, आणि आले की त्यांच्या दंडांवरचे भाजल्याचे डाग आम्मा खोबरेल लावून चोळत बसायची. दुसऱ्याच्या भट्टीवर केस पांढरे होणार, हे त्यांचं रोजचं दुःख होतं. बँकेत जायला ते तयार नव्हते, कारण व्याज. आमच्या घरात व्याज हा शब्द पोरांनीसुद्धा उच्चारायचा नाही.

मामू हज करून आले आणि त्यांनीही ठरवलं की व्याजाचा पैसा नको. बाजूला पडलेल्या पैशाचं काय करायचं, हा त्यांचा प्रश्न झाला आणि अब्बांच्या दुःखाशी तो बरोबर जुळला. आमच्या पडवीत बैठक झाली. मशिदीतले मौलवीसाहेब आले, शेजारचे दोघं साक्षीला बसले. मौलवीसाहेब मूळचे मिरजेकडचे, पण इतकी वर्षं आमच्यात राहून आमच्यासारखंच बोलायचे. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "एकाचा पैसा, एकाची मेहनत. याला मुदारबत म्हनत्यात. नफा निम्मा-निम्मा. अल्ला न करो, नुकसान झालं तर पैसेवाल्याचा पैसा गेला आन मेहनतवाल्याची मेहनत गेली. कुनी कुनाच्या दारात उभं ऱ्हायचं न्हाई. कबूल?"

"कबूल," मामू म्हणाले. "कबूल," अब्बा म्हणाले. आम्मानं आतून साखर पाठवली. ती वाटी घेऊन मीच बाहेर गेले होते. अब्बांच्या चेहऱ्यावर तेव्हा जो उजेड होता तो मी नंतर पाहिला नाही. आता ते नोकर नव्हते, भागीदार होते, आणि भागीसुद्धा अशी की त्यात हरामाचा थेंब नव्हता.

एस.टी. स्टँडच्या रस्त्याला मामूंनी स्वतःच्या नावानं एक गाळा घेतला आणि बेकरीला वापरायला दिला. गाळ्यामागं भट्टी बांधायला काढली. वाईकडचा एक मिस्त्री आणला होता. भट्टीचा घुमट अर्ध्यावर आला आणि मामूंनी दिलेले पैसे संपले. पक्क्या विटा महाग झाल्या होत्या, आणि अब्बांनी हौसेनं भट्टी जरा मोठी धरली होती. मामूंकडं परत हात पसरायचा अब्बांना कमीपणा वाटला. दोन-तीन दिवस ते घरात नुसते येरझाऱ्या घालत होते. मग एके सकाळी आम्मानं चुलीपुढं बसल्या बसल्या हातातल्या पाटल्या काढल्या आणि भाकरीच्या टोपलीवर ठेवल्या. त्या तिला महेरात, निकाहाच्या वेळी नवऱ्याकडून, मिळाल्या होत्या. तिच्या एकटीच्या, तिच्या हक्काच्या.

"आवं, घुमट उघडा ठिवू नगा," ती म्हणाली. "पाऊस आला तर समदं वाया जाईल."

अब्बांनी पाटल्या उचलल्या. "भट्टी तापू दे," ते म्हणाले. "मग बघू."

बस, एवढंच बोलणं झालं. मी तेव्हा पाचवीत होते. साताऱ्याला सराफाकडं अब्बांनी मला बरोबर नेलं, मुलगी बरोबर असली की माणसं भाव नीट सांगतात असं त्यांचं म्हणणं होतं. परत येताना त्यांनी मला स्टँडवर भेळ घेऊन दिली. घरी न येता आम्ही थेट गाळ्यावर गेलो आणि तो सगळा पैसा माझ्यासमोर मिस्त्रीच्या आणि वीटवाल्याच्या हातात गेला.

माझ्या बहिणीचा नातू पुण्यात व्यवस्थापन शिकतो. मागच्या ईदला आला होता, तर मला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवत बसला. पैसा देणारा, मेहनत करणारा, मधे बाण, नफ्याचे दोन रंगांतले गोल तुकडे. "नानी, हे बघा, किती न्याय्य पद्धत आहे," म्हणाला. मी म्हटलं, "बाबा, यात मेहनत करणाऱ्याची बायको कुठं दाखवलीये?" त्यानं बिचाऱ्यानं व्हिडिओ पुढं सरकवून पाहिला, मागं सरकवून पाहिला. मग हसला आणि म्हणाला, "ते घरचं असतं ना, नानी."

ते घरचं असतं. भट्टी तापली आणि आमचं घरच बेकरीत गेलं. पहाटेच्या अजानीला अब्बा पहिला पाव बाहेर काढायचे. लांब दांड्याची लाकडी फळी भट्टीच्या तोंडाशी घासल्याचा आवाज, तापलेले पत्रे जमिनीवर टेकल्याचा आवाज, आणि मग तो वास. आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा त्या वासानं उठून बसायची. पाव अब्बांचा, खारी अब्बांची. पण दुकान चाललं ते नानकटाईवर, आणि नानकटाई आम्माची. मोठ्या परातीत तूप आणि पिठीसाखर घेऊन ती तळहातानं फेसायला बसायची. खांद्यापासून हात फिरवायची, तूप पांढरंशुभ्र होऊन हलकं होईपर्यंत. मग मैदा, थोडा रवा, थोडं बेसन, वेलदोडा. मी शाळेतून आले की दप्तर टाकून तिच्यासमोर बसायची आणि गोळे वळायची. माझे गोळे लहान-मोठे झाले की ती ते मोडून परत वळायला द्यायची.

दिवाळीच्या आधी तर बघायला नको. त्या दिवसांत गावोगावच्या बायका घरचं तूप, साखर, मैदा घेऊन बेकरीत यायच्या आणि आपल्या डोळ्यांदेखत बिस्किटं, नानकटाई भाजून घ्यायच्या. आमच्याकडं घराघरातला एक माणूस पलटणीत. सुटी संपवून परत जाणाऱ्या जवानाच्या ट्रंकेत नानकटाईचा डबा गेलाच पाहिजे, असा रिवाजच पडला. रंगानं नावं लिहिलेल्या पत्र्याच्या डब्यांची रांग गाळ्यापासून पार रस्त्यापर्यंत लागायची. बायका अब्बांना बाजूला सारून विचारायच्या, "भाभी कुठं हायत? त्यांच्या हातनंच मळून पायजे." अब्बा हसायचे. त्यांना तेव्हा त्याचं कौतुक होतं.

रमजानच्या आधी मामू यायचे. त्या दिवशी आम्मा खिमा करायची आणि भट्टीतला पहिला पाव घरी यायचा. जेवणं झाली की दोघं पडवीत बसून वर्षाचा हिशेब करायचे, निम्मा नफा मामूंचा, निम्मा अब्बांचा. पैशावरून कधी कुरबूर झाली नाही. मामू निघताना नानकटाईची पिशवी घ्यायचे आणि दर वेळी आम्माकडं बघून म्हणायचे, "जैनबच्या हाताला चव हाय." चवीचा वाटा कोणता, असं काही कुणाच्या मनात आलं नाही. खरं सांगायचं तर तेव्हा माझ्याही नाही. अब्बांच्या निम्म्यात घर चालत होतं, थोरल्या आपाचं लग्न झालं, मी बारावीला बसले. मला कॉलेजला साताऱ्याला ठेवायचं, शिक्षिका करायचं, असं अब्बा सगळ्यांना सांगायचे. पाटल्यांचा विषय आम्मानं दोनदा काढला होता. दोन्ही वेळा अब्बा म्हणाले, "औंदा न्हाई, फुडच्या वर्षी."

माझी बारावीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात मामू अवेळी आले. बरोबर त्यांचा धाकटा मुलगा होता, इक्बाल. तो पुण्यात कुठल्याशा मोठ्या बेकरीत वर्षभर काम शिकून आला होता. त्याच्या खिशाला पेन होतं. मामू पाणी प्यायले आणि त्यांनी शांतपणे सांगितलं, "भागी हितंच थांबवू. पोराला विजेच्या भट्टीचं दुकान टाकून द्यायचं हाय. गाळा आपलाच हाय." मग अब्बांकडं बघून म्हणाले, "तुमी पन ऱ्हावा. पगार देईल त्यो तुमाला."

अब्बांच्या हातात चहाची बशी होती. ती त्यांनी खाली ठेवली. "मौलवीसाहेबांना बोलवू," ते म्हणाले. "ज्यांच्यासमोर जोडली त्यांच्यासमोरच सोडू."

त्यांना वाटत होतं की नियम आपल्या बाजूनं आहे. इतकी वर्षं त्यांनी त्या नियमाचा अभिमान बाळगला होता. जुम्म्याच्या नमाजनंतर तीच पडवी, तीच माणसं बसली, फक्त सगळ्यांच्या दाढ्या पांढऱ्या झालेल्या. आम्मा आणि मी मधल्या दाराच्या पडद्यामागं होतो. आम्माच्या हातात निवडायची मेथी होती.

मौलवीसाहेबांनी दोघांचं ऐकून घेतलं. मग जे सांगितलं ते असं. भागी दोघांपैकी कुणालाही केव्हाही सोडता येते. सोडताना आधी पैसेवाल्याचं भांडवल परत करायचं आणि त्यावर जे उरेल तो नफा, तो वाटून घ्यायचा. भांडवल म्हणजे काय उरलं होतं? काळी पडलेली भट्टी, वाकलेले पत्रे, दोन मोठ्या पराती, थोडा मैदा. गाळा तर आधीपासून मामूंचा. ते सगळं विकलं तरी मामूंनी घातलेला पैसा पुरा होत नव्हता. म्हणजे वाटायला काही उरत नव्हतं.

"म्हंजी नुकसान भाईजानांचं?" अब्बांनी विचारलं. त्यांचा स्वर असा होता की मला पडद्याआडून त्यांच्याकडं बघवेना.

"व्हय. कायद्यानं त्यांचंच."

"मी तक्रार करत न्हाई," मामू म्हणाले. आणि खरंच त्यांनी केली नाही.

"आन गिऱ्हाईक? गावोगावची मानसं डबं घिऊन येत्यात ती?" अब्बा म्हणाले. "त्ये नाव कुनाचं?"

मौलवीसाहेब प्रामाणिक होते. "गिऱ्हाईक म्हंजी माल न्हवं," ते म्हणाले. "नावाची किंमत कशी धरायची त्ये मला ठावं न्हाई. धरता येत आसंल तर कुनी शिकल्याल्यानं सांगावं." मग मामूंकडं वळून म्हणाले, "हाजीसाहेब, हक्क तुमचा हाय. पर हक्काच्या वरबी एक पायरी आसती, मेहेरबानीची. भनीच्या घराचा इचार करा."

"म्हनून तर पगार देतोय," मामू म्हणाले.

तेव्हा आम्मा उठली. मेथीची पाटी तिनं माझ्या मांडीवर ठेवली, पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि पडदा सारून उंबऱ्यात उभी राहिली. गावातल्या पुरुषांच्या बैठकीत ती कधी बोलली नव्हती.

"मौलवीसाब, एक इचारायचं हाय," ती म्हणाली. "त्या भट्टीत माज्या पाटल्या हायत. घुमट त्याच पैशाचा हाय. माजा वाटा कंचा?"

मामू तिच्याकडं बघतच राहिले. त्यांना हे पहिल्यांदाच कळत होतं. मौलवीसाहेब सावरून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर आता आशेसारखं काहीतरी आलं. "बाई, महेर तुमचा, त्याच्यावर कुनाचा हक्क न्हाई. त्यो भागीत घातला आसंल तर तुमीबी भागीदार झाला." मग त्यांनी अब्बांना विचारलं, "देताना काय बोलनं झालं? ह्या पाटल्या तुमाला बक्षीस दिल्या, का उसन्या दिल्या, का भागीत घातल्या?"

अब्बांनी टोपी काढून परत घातली.

"आन हाजीसाहेबांना सांगितलं हुतं का तुमी?" मौलवीसाहेबांनी पुढं विचारलं. त्यांना वाईट हेतू नव्हता, नियम तसा होता म्हणून त्यांनी विचारलं. "एकाच्या भांडवलात दुसऱ्याचा पैसा मिसळायचा तर त्याची इजाजत घ्यावी लागती. न्हाईतर ती खयानत व्हती."

खयानत. विश्वासघात. हा शब्द त्या पडवीत पडला आणि अब्बांची मान खाली गेली. सगळं आयुष्य ज्या माणसानं इमानदार म्हणून काढलं, साताऱ्याच्या मालकाचा मूठभर मैदा ज्यानं कधी घरी आणला नाही, त्याच्यापुढं दोनच वाटा उरल्या. बायकोचा वाटा कबूल करायचा आणि चार माणसांत, मेहुण्यासमोर, खयानतीचा डाग घ्यायचा. नाहीतर.

"पाटल्या घरखर्चाला मोडल्या," अब्बा म्हणाले. "भट्टीशी त्यांचा संबंध न्हाई. हिला नीट ठावं न्हाई."

आम्मा उंबऱ्यातून हलली नाही. तिनं फक्त त्यांच्याकडं पाहिलं. मग मी उठले. मांडीवरची मेथी सगळी खाली पडली. आम्माच्या बाजूला जाऊन मी म्हणाले, "अब्बा, सराफाकडं मी होते तुमच्याबरोबर. पैसे वीटवाल्याला दिले तेव्हाही होते."

कुणीतरी खाकरलं. मामू म्हणाले, "पोरीनं मोठ्यांत बोलू नये." अब्बांनी माझ्याकडं मान वर करून पाहिलंच नाही. मौलवीसाहेबांनी मात्र पाहिलं. त्यांना सगळं समजलं होतं हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. पण बापाला मुलीच्या शब्दानं खोटं पाडायचं त्यांच्या जिवावर आलं असावं. "बेटी, हे कोर्ट न्हाई," ते हळू आवाजात म्हणाले. "साक्षी कुनी मागितल्या न्हाईत. आत जा."

आम्ही आत गेलो. पुढं नोकरीत असताना मी एकदा मुद्दाम जाऊन शरियत जाणणाऱ्या एका मुफ्तींना हे सगळं विचारलं. ते म्हणाले, अब्बांनी खरं सांगितलं असतं तर तुझ्या आईचा पैसा बुडाला नसता. कदाचित मेहुण्यानं माफही केलं असतं, आणि भट्टीत तिचा भाग धरावाच लागला असता. कायद्यात जागा होती. मी त्यांचे आभार मानून उठले. बाहेर येऊन रिक्षा मिळेपर्यंत मी उन्हात उभी होते आणि मला अब्बांची कीवही आली नाही.

अब्बांनी इक्बालची पगारी नोकरी नाकारली. शिरवळला एका कारखान्याच्या कँटीनला पाव पुरवणाऱ्या बेकरीत ते कारागीर म्हणून गेले. जिथून निघाले होते तिथंच परत, फक्त वयानं थकलेले. त्या वर्षी माझं कॉलेज झालं नाही. पुढच्याही वर्षी झालं नाही. अब्बा महिन्यातून एकदा यायचे, आम्माशी बोलायचे, माझ्याशी नाही. ताट वाढलं तर जेवायचे आणि "पानी" एवढंच म्हणायचे, तेही माझ्याकडं न बघता. इक्बालच्या काचा लावलेल्या नव्या दुकानात नानकटाई मिळायची, पण दोन दिवाळ्यांनंतर डब्यांची रांग काही राहिली नाही. त्याचा मला आनंद झाला हे मी लपवत नाही.

आम्मानं रडणं-भेकणं केलं नाही. शेजारच्या आळीत सुमनकाकू राहायच्या. नवरा पलटणीत, घरात मोकळी पडवी आणि गोठा रिकामा. आम्मा एक दिवस मला घेऊन त्यांच्याकडं गेली. गोठ्यात लहान भट्टी घालायची, नानकटाई आणि शेवया करायच्या, असा तिचा विचार होता.

"भाभी, तुमी म्हनाल तसं," सुमनकाकू म्हणाल्या. "आपल्यात काय बोलायचं हाय?"

"न्हाई," आम्मा म्हणाली. "आपल्यातच बोलायचं. आधी बोलू, मग पीठ भिजवू. जागा तुजी, पैसा दोघींचा, हात दोघींचं. नफा निम्मा. बुडालं तर जिचा जेवढा पैसा तेवढं तिचं नुकसान. शमीम, तू ऐकलंस?"

"ऐकलं," मी म्हटलं.

"आन पोरीला रोज द्यायचा," आम्मा म्हणाली. "फुकट कुनी ऱ्हाबायचं न्हाई."

त्या रोजाच्या पैशांतून मी कॉलेज केलं, उशिरानं, आणि शिक्षिका झाले. मला साताऱ्याजवळच्या एका शाळेत नोकरी लागली त्या सुमारास अब्बा शिरवळहून कायमचे परत आले. धुरानं त्यांची छाती धरली होती आणि तिथल्या मालकानं त्यांना घरी बसायला सांगितलं होतं. गोठ्यातलं काम तोवर वाढलं होतं, आणखी दोन बायका हाताखाली होत्या. थोडे दिवस अब्बा ओट्यावर बसून राहिले. मग मी रविवारची घरी आलेली असताना ते गोठ्याच्या दारात आले.

"शमीमची आई," ते म्हणाले, "भट्टीकडचं मी बघतो. तुमाला जमंना झालंय. मला घ्या तुमच्यात."

आम्माचा हात परातीत होता. तो तिनं थांबवला नाही. "या की," ती म्हणाली. "रोजानं या. भागीत न्हाई."

सुमनकाकू कावऱ्याबावऱ्या झाल्या. "भाभी, आवं, घरचा मानूस—"

"घरचा हाय म्हनून तर आधी सांगितलं," आम्मा म्हणाली.

अब्बा दारात उभे राहिले. मला वाटलं ते परत फिरतील. पण त्यांनी पायताण काढलं, आत आले आणि भट्टीपुढं बसून राख ओढायला लागले. पुढची सगळी वर्षं ते तिथं काम करत राहिले. आम्मा त्यांना कधी टोचून बोलली नाही. घरात त्यांचं औषधपाणी, जेवणखाण तिनंच पाहिलं, आणि दोघं एका दस्तरखानावर जेवत राहिली. मजुराचा घाम वाळायच्या आत मजुरी द्यावी असं आमच्यात सांगतात, आम्मानं त्यात कधी खंड पाडला नाही. शनिवारी काम आटोपलं की त्या दोन बायका हात धुऊन तिच्यापुढं यायच्या, त्यांच्या मागं अब्बा. ती प्रत्येकीच्या हातावर रोज ठेवायची, मग अब्बांच्या हातावर. एकदा मी तिथं होते. पैसे घेताना अब्बा माझ्याकडं बघून, कितीतरी वर्षांनी, माझ्याशी बोलले.

"तुजी आई हिशेबाला चोख हाय," ते म्हणाले.

मी परात उचलून धुवायला नेली. आम्मानं पुढच्या दिवसासाठी तूप काढायला घेतलं.